कात्री लावायच्या आधी : शिवण मंडळाला आलेले प्रश्न

मागच्या अंकात आमच्या सोलापूरच्या शिवण मंडळाबद्दल लिहिलं होतं. दर शनिवारी दुपारी आम्ही बारा-चौदा जणी (आणि एक काका) एका हॉलमध्ये जमतो, जुन्या साड्यांची जॅकेटं, खणाच्या कुंच्या, गोधड्या असं काय काय शिवतो आणि तीन महिन्यांतून एकदा जे शिवलंय ते अंगावर घालून सगळे मिळून बाहेर पडतो, एवढंच लिहिलं होतं खरं तर, पण पत्रं इतकी आली की सगळ्यांना उत्तरं देणं या पानात बसणार नाही. त्यातली काही घेतलीत.

ताई, माझ्या सासूबाईंची हिरवी इरकल माझ्याकडे आहे, काठ आणि पदर लाल. त्या गेल्या वर्षी गेल्या. साडी नेसायला काढली तर घड्यांवर विरलीय, पदराजवळ तर फाटलीच. टाकवत नाही आणि पेटीत ठेवून कसर लागेल ही भीती. तुम्ही करता तसं जॅकेट होईल का? कापायला हात धजत नाही. (एक वाचक, बार्शी)

होईल, नक्की होईल. आणि हात धजत नाहीये ना, ते चांगलंच आहे, अजून आठ दिवस कात्री हातात घेऊच नका. आधी साडी पूर्ण उलगडा आणि दिवसा खिडकीसमोर धरा, उजेड साडीच्या पाठीमागून यायला पाहिजे. जिथे विरलीय तिथे चाळणीसारखं दिसेल. त्या जागांवर खडूने खूण करू नका, जुन्या रेशमातून खडू नीट जात नाही, पांढऱ्या दोऱ्याचा एक कच्चा टाका घाला म्हणजे झालं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून हळूच ओढून बघा, एकदा उभं, एकदा आडवं. बऱ्याच जुन्या साड्या एका दिशेने अजून मजबूत असतात आणि दुसऱ्या दिशेने ओढल्या की कागदासारख्या टर्रकन जातात. कुठल्या दिशेने कमजोर आहे ते एकदा कळलं की जॅकेटचा ताण त्या दिशेला येऊ द्यायचा नाही, बाकी सगळं त्यावरूनच ठरतं.

पदराजवळ फाटलीय म्हणालात त्याचं कारण इरकलीच्या विणीतच आहे. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची साडी, हे तुम्हाला माहीत असेलच. तिचं अंग वेगळं आणि पदर वेगळा, पदरासाठी रेशमाचे उभे धागे वेगळे लावतात आणि ते अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडतात, म्हणून तर आपण त्याला टोप पदर म्हणतो. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर दोन्हीचं म्हातारपण एकदम येत नाही. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच इरकली त्या जोडाच्या आसपासच गेलेल्या होत्या. तेव्हा जोड मध्ये ठेवून कटिंग करायचा मोह टाळा. पदर वेगळा काढा, अंग वेगळं.

आता अस्तर. दुकानात तुम्हाला फ्युजिंग देतील, इस्त्री केली की मागे चिकटतं ते. नव्या कापडाला ठीक आहे, पण जुन्या साडीला मी लावू देत नाही, कारण ते एकदा चिकटलं की सुटत नाही, कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि साडीचा तो मऊपणा, ज्यासाठी आपण हा खटाटोप करतोय, तोच जातो. त्यापेक्षा मलमल आणा, रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवून इस्त्री करा (आटायची ती आधीच आटू दे), जमिनीवर अंथरा, त्यावर साडी सपाट पसरा आणि दोन्ही मिळून हाताने धावदोरा घाला. तीन-तीन बोटांच्या अंतराने ओळी. विरलेल्या जागी ओळी जवळजवळ, हातभर जागेत पंधरा-वीस ओळी आल्या तरी चालतील. ही गोधडीचीच पद्धत आहे, ताण साडीवर न येता मलमलीवर येतो. यात आठ-दहा दिवस जातील, जाऊ दे. मग दोन्ही कापडं एकच समजून कापायची.

कट अगदी सरळ ठेवा. मुंढ्याचा गोल घेऊ नका, बाह्या चौकोनीच जोडा, कारण जुनं कापड गोलावर लवकर उसवतं. छाती अडतीस असेल तर तयार घेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस धरा, जॅकेट सैलच छान दिसतं. माया नेहमीपेक्षा जास्त सोडा, इंचभर तरी. (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, हल्ली क्लासमध्ये सगळे मार्जिन म्हणतात, मला माया हाच शब्द आवडतो, तुम्हीही तोच वापरा.) मशीनला अकरा नंबरची नवी सुई लावा आणि टीप जरा लांब ठेवा, तीनच्या आसपास. बारीक टीप जास्त मजबूत असं वाटतं आपल्याला, पण जुन्या रेशमावर बारीक टीप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी भोकं पाडणं, बरोबर तिथूनच फाटतं.

लाल पदर पाठीवर लावा, मधोमध. पण त्याआधी रंग तपासा! पांढरा सुती रुमाल ओला करून पदराच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यावर घासा आणि रुमालाला लाली आली तर ते जॅकेट कधीच घरी पाण्यात टाकायचं नाही. हे मी एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या आईने माझ्यासाठी शिवलेली लाल खणाची कुंची मी माझ्या मुलाच्या बारशाआधी न तपासता भिजवली होती, तिचं पांढरं अस्तर कायमचं गुलाबी झालं आणि मोत्यांच्या दोऱ्यालाही रंग चढला. आईने एका शब्दाने विचारलं नाही, मला अजून ते आठवतं.

तुकडे उरतील ते टाकू नका. सासूबाईंच्या साडीचा एक हातभर तुकडा न कापता, न शिवता, मलमलीत गुंडाळून ठेवा आणि वर्षातून एकदा घडी बदला.

आमच्या सोसायटीत असं मंडळ सुरू करायचंय, सहा-सात जणी तयार आहेत. मशीन किती लागतील, फी किती ठेवायची, पहिल्या दिवशी काय शिकवायचं? (नाशिक)

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. प्रत्येकीने घरातली एक मोडलेली गोष्ट आणायची, तुटलेलं बटण, उसवलेली बगल, चेन गेलेली पँट, आणि ती दुरुस्त करूनच घरी जायचं. आमचं असंच सुरू झालं. यातून कुणाला काय येतं ते न विचारता कळतं, कुणाची हेमिंग सुंदर आहे, कुणाला काजं करता येतात, कुणाला सुईत दोरा ओवताना त्रास होतो (त्यांना खिडकीजवळची जागा द्यायची).

मशीन तीन पुरतात दहा जणींना, खरंच पुरतात, कारण शिवणात मशीनवरचा वेळ कमी आणि मापं, कटिंग, इस्त्री, उसवणं यातच जास्त वेळ जातो. खरी गरज असते ती मोठ्या टेबलाची, कंबरेच्या उंचीचं, उभं राहून कापता येईल असं. जमिनीवर बसून कापून कापून आमच्यातल्या तिघींच्या गुडघ्यांनी हात टेकले, मग आम्ही एक जुना दरवाजा दोन लाकडी घोड्यांवर टाकला, तोच आमचा टेबल. इस्त्रीला वेगळा प्लग असू दे, मशीनच्या एक्स्टेन्शनवर इस्त्री लावायची नाही. आणि कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा एक नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा, बाकी नियम हळूहळू होतात.

फीचं म्हणाल तर दोरे, सुया आणि तेल यांचा खर्च निघेल एवढीच घ्या. कापड विकत आणूच नका पहिलं वर्षभर. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने खूप आहेत, त्यांच्याकडची कतरण आम्ही पोत्याने आणतो, नेव्ही ब्लू, राखाडी, चेक्स. तुमच्या इथेही बुटीक असतील, पडदे शिवणारे असतील, विचारून बघा, लोक आनंदाने देतात.

एक मात्र करा. शिवलेलं घालायचा दिवस ठरवा. नाहीतर मंडळं काय करतात, शिवतात, फोटो काढतात आणि कपाटात ठेवतात. आमच्यातली एक बाई कित्येक वर्षं सुंदर शिवायची आणि स्वतः मात्र रेडिमेड घालायची, म्हणायची लोक काय म्हणतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने पहिल्यांदा स्वतः शिवलेलं काळं चेक्सचं जॅकेट साडीवर घातलं, उभं राहताना सारखी कड ओढत होती, पाच मिनिटांनी ओढायची थांबली. त्या संध्याकाळी चार जणींनी तिला माप दिलं.

मशीनवर वरून टीप छान येते पण खालून दोऱ्याची जाळी होते. बॉबिन बदलली, बॉबिन केसचा स्क्रू फिरवून झाला, मेकॅनिक शटल बदला म्हणतोय. (लातूर)

शटल बदलू नका अजून. जाळी खाली दिसते म्हणून आपण खालचं बघत बसतो, पण खाली जाळी झाली तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. दोरा पूर्ण काढा, कापड दाबून धरणारा फूट वर उचला (फूट खाली असताना चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा आत जातच नाही), आता पहिल्यापासून ओवा, मग फूट खाली करून दोरा ओढून बघा, घट्ट लागला पाहिजे. सुई नवी घाला, तिच्या अंगावर जी लांब खाच असते ती, दोरा ज्या बाजूने आत जातो त्या बाजूला आली पाहिजे. बॉबिन केसचा स्क्रू फिरवलाय तो आता परत थोडा थोडा करून जागेवर आणावा लागेल, केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा, हलका झटका दिला की जरासं खाली सरकून थांबलं तर बरोबर. एवढं करूनही जाळी आली तरच मेकॅनिकला बोलवा.

तुम्ही लेखात वेअरेबल आर्ट असा शब्द वापरलात. हे फॅशन शोमधलं असतं ना, जे कुणी कधी घालत नाही? आपल्या मंडळांना त्याचं काय? (कोल्हापूर)

प्रश्न आवडला. तो शब्द बाहेरचा आहे हे खरंय. न्यूझीलंडमध्ये नेल्सन शहराजवळ सुझी मॉनक्रिफ नावाच्या शिल्पकार बाईंनी 1987 मध्ये एक छोटा शो केला, गावाकडची एक आर्ट गॅलरी लोकांना माहीत व्हावी म्हणून, कल्पना अशी की कला भिंतीवरून काढायची आणि माणसाच्या अंगावर आणायची. तो वाढत वाढत गेला आणि 2005 पासून वेलिंग्टनला होतो, जगभरातून लोक कपडे पाठवतात, लाकडाचे, पत्र्याचे, कशाकशाचे. ते स्टेजसाठीच असतं, बरोबर आहे तुमचं.

पण मला सांगा, हलव्याचे दागिने काय आहेत? खसखशीवर, साबुदाण्यावर मंद आचेवर थेंब थेंब पाक सोडत, बोटांनी हलवत काटा आणायचा, मग ते पांढरे दाणे दोऱ्यात गुंफून हार, बांगड्या, बाजूबंद, बाळाला मुकुट आणि बासरीसुद्धा, आणि हे सगळं काळ्या कपड्यावर, म्हणजे पांढरा रंग उठून दिसावा ही दृष्टी आपल्या आज्यांना होतीच. एका दिवसासाठी घातलेली कलाच आहे ती. कुंची घ्या. चौकोनी कापड दुमडून एका बाजूने शिवायचं, डोक्यावरून पाठीवर येतं, एवढाच तिचा कट, पण खणाचं कापड, काठाला मोती, टोकाला गोंडा, आणि पहिल्यांदा बाळ ती घालून मांडीवर बसतं तेव्हा घर थांबून बघतं. खणाचा पन्हा अरुंद, एका खणात एक चोळी बसेल एवढंच कापड, आणि तेवढ्यात बसवायचं म्हणून शिवणाऱ्या बाईने कळ्या, काठ असे फिरवलेत की आजही मी जुनी चोळी उसवली तर आधी फोटो काढून ठेवते.

आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचं काम बघा, आरसे, कवड्या, नाणी, फेटिया (घागरा) आणि कांचळीवरची (चोळीवरची) भरतकामाची पट्टी. ते शोसाठी नाही, रोज घालायला शिवलेलं होतं. इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय, बाजारात जुन्या बंजारा कपड्यांचे तुकडे करून बनवलेल्या पर्स मिळतात, आमच्यातही काही जणींना तसं करायचं होतं. मी नाही म्हटलं. त्या टाक्याला वर्षं लागलेली असतात आणि तो कपडा कुणाच्या तरी आईचा असतो. हवं असेल तर तांड्यावरच्या बायकांकडून नवीन काम करून घ्या, त्या सांगतील ती मजुरी द्या. आमच्या मंडळात दोन बंजारा ताई येतात आता, आरसा धरून ठेवणारा टाका त्यांनीच आम्हाला शिकवला, गेली कित्येक वर्षं मी तो चुकीचा घालत होते.

तर शब्द कुठलाही वापरा, अंगावर घालायची कला म्हणा. आपल्या मंडळांना त्याचं एवढंच की ती घालायची.

मी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो, वय चौसष्ट. बायको गेल्यावर तिचं पायमशीन तसंच पडून आहे. मला शिकायचंय पण बायकांच्या मंडळात मला घेतील का, की अवघडल्यासारखं होईल त्यांना? (अकलूज)

काका, जरूर जा. गावातली शिवण कुणी केली इतकी वर्षं, शिंपीकाकांनीच ना? आमच्याकडे जे काका येतात ते सुरुवातीला दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, पहिले दोन शनिवार नुसते मशीनला तेल घालून दिलं त्यांनी. आता सगळ्यांचे खिसे तेच लावतात, त्यांच्यासारखा सरळ खिसा कुणालाच जमत नाही.

जाण्याआधी घरचं मशीन चालू करून घ्या. बरीच वर्षं बंद असेल तर तेल आत घट्ट झालेलं असणार, जोर लावून फिरवू नका. बॉबिनच्या जागेतला गाळ ब्रशने काढा, सगळ्या भोकांत शिलाई मशीनचंच तेल एक-एक थेंब घाला (खोबरेल अजिबात नको, ते चिकटून बसतं), रात्रभर राहू दे, सकाळी हाताने चाक फिरवा. चामड्याचा पट्टा सुकला असेल तर नवा घ्या, स्वस्त असतो. मग सुईत दोरा न घालता, रेघांच्या कागदावर रेघेवरून मशीन चालवत बसा. पायाचा ठेका आठवडाभरात येतो. तुम्ही तर आयुष्यभर क्लच-ब्रेक सांभाळलाय, तुम्हाला लवकर येईल.

पहिली गोष्ट पिशवी शिवा. वहिनींच्या साडीची नको अजून, साध्या कापडाची. साडीची दहावी पिशवी.

गोधडी घालायला घेतली की मध्ये फुगा येतो, कडा मागेपुढे होतात. आम्ही मधून सुरुवात करतो, कारण व्हिडिओत तसंच दाखवतात. (सांगली)

मधून सुरुवात करणं चुकीचं नाहीये, ती मोठ्या फ्रेमवर ताणून किंवा पिना लावून करायची पद्धत आहे. पण आपण जमिनीवर बसून घालतो, तुमच्याकडे वाकळ म्हणतात ना, तिथे मला कडेकडून आत येणं जास्त सोपं वाटतं. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (तुकड्यांची गोधडी) घालतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, बरेच जण गोव्यामार्गे, तर त्या कवंदीची शिवण एका कोपऱ्यातून सुरू होते, कडेकडेने फिरत फिरत आत येते, तुकडे लावत लावत, आणि मध्यात संपते. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात, ते नसले तर कवंदी उघडी वाटते असं त्या मानतात.

आमची मंडळाची गोधडी अशीच चालते. चौघी चार कडांना, मांडी घालून, प्रत्येकीचा गुडघा कापडावर, म्हणजे कापड आपोआप ताणलेलं राहतं. डाव्या हाताचा तळवा खाली, सुई खाली गेली की खालच्या बोटाला लागते, तिथूनच परत फिरवायची. आत जसजसं येतो तसे गुडघे जवळ येतात आणि शेवटच्या दिवशी चौघी एकमेकींच्या सुईला सुई लागेल इतक्या जवळ बसलेल्या असतात, बोलणंही तेव्हा हळू होतं.

फुगा यायचं दुसरं कारण कापड. आत तीन-चार थर असतील तर सगळे सुती आणि सगळे धुतलेले घ्या. एक जरी नवा कोरा थर असला तर पहिल्या धुण्यात तो एकटा आटतो आणि बाकीचे फुगतात. युनिफॉर्मची कतरण पॉलिस्टरची असते, ती गोधडीत घालू नका, घाम शोषत नाही, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नकोच. त्याची जॅकेटं करा.

मुलगी आठ वर्षांची आहे, आजीबरोबर शिवायचं म्हणते. सुई द्यायची का हातात? (पनवेल)

द्या. बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, लोकरीचा दोरा आणि बारदानाचा तुकडा, त्यावर धावदोरा, मग उलटी टीप, मग साखळी. काम सुरू करताना सुया मोजून द्यायच्या आणि उठताना मोजून घ्यायच्या, ही सवय तिला आत्ताच लागू दे. तिने जे काही शिवलं असेल, वाकडं असलं तरी, आजीने उसवून सरळ करून द्यायचं नाही, हे आजींना माझ्याकडून हात जोडून सांगा.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना कापडाचे फोटो दिवसाउजेडी, उलट्या बाजूचाही एक, असे काढा म्हणजे मला वीण दिसते. आणि जरीचं काही असेल तर इस्त्री लावण्याआधी विचारा, नव्या साड्यांतली प्लॅस्टिकची जर गरम इस्त्रीखाली आकसते, या महिन्यात तशी दोन पत्रं साडी जळल्यावर आलीत.